खुंटीवरचा शर्ट

चिखली,
९ डिसेंबर २०२४

प्रिय शालनमावशी,

साष्टांग नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तो शेजारच्या गणराजच्या फोनवर येतो. तुझ्याआधी तो पठ्ठ्या वाचतो आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या केजला कळतं. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच चार ओळींपेक्षा जास्त लिहायला बसले आहे. अक्षराला हसू नकोस.

आळंदीहून तू एसटीत बसलीस त्याला आज तीन आठवडे झाले. लग्नाला कार्यालयात माझ्या बाजूनं तू एकटी होतीस. आईबाबा केजहून आले नाहीत ते नाहीच, पण ज्ञानेशच्या आईला रहाटणीहून आळंदी ती काय लांब? त्याही आल्या नाहीत. बाहेरगावच्या पोरीनं मुलाला नादी लावलं, असं त्यांचं म्हणणं. गंमत बघ, रहाटणीत त्यांच्या घरच्या खोल्या भाडेकरूंनी भरलेल्या, आणि घरचा मुलगा इथे दुसऱ्याचा भाडेकरू. एक खोली आणि पुढे हातभर गॅलरी. मला राजवाडा वाटतो.

आता एक सांगते. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

आमच्या वर्कशॉपमध्ये ज्ञानेश मशीनवर असायचा तेव्हा मी तयार भागांची मापं तपासायला, नग मोजायला जायचे हे तुला माहीत आहे. दर तासाला पाच नग मोजायचे असा नियम. त्याच्या मशीनवर मी सहा मोजायचे. लोखंड कापताना वरून दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, कूलंट म्हणतात त्याला. त्याचा आंबूस वास माणसाच्या अंगात मुरतो. बाकीच्या पोरी नाक मुरडायच्या, आणि मी सहावा नग हातात घेऊन उगाच उभी राहायचे. अंगावर काटा यायचा गं.

आता तो चाकणला मोठ्या कंपनीत लागलाय, तिथेही मशीनवरच. कंपनीच्या बसनं येतो, शर्ट काढून खुंटीला अडकवतो. तो अंघोळीची तयारी करत असला की मी त्या शर्टात तोंड खुपसून उभी राहते. काल त्यानं पकडलं. "अगं, घाण आहे तो," म्हणाला. मी म्हटलं, असू दे. मग अंघोळ राहिलीच.

पुरे. मावशीला किती सांगायचं याला काही मर्यादा? पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? एकच विचारते, हे असंच राहतं ना गं?

तुझी,
स्वरूपा

---

केज,
२० डिसेंबर २०२४

चि. स्वरूपास,

अनेक आशीर्वाद. पत्र चुलीत घाल म्हणतेस. माझ्याकडे चूल आहे कुठे? गॅस आहे. तुझं पत्र खारकांच्या डब्यात ठेवलंय. तू म्हातारी झालीस की काढून दाखवीन आणि तुझी फजिती बघीन.

राहतं का, असं विचारलंस. मला काय ठाऊक? आमच्या वेळी असले प्रश्न कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगत नव्हतं. तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली, आता त्यांना विचारायचीही सोय नाही.

तुझ्या आईशी बोलणं चालू आहे, म्हणजे मी बोलते आणि ती भांडी आपटते. बसू दे रुसून. या लग्नाला मी उभी राहिले आहे, तेव्हा ते नीट चाललेलं दाखवायची जबाबदारी तुझी. माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं.

एक मनातलं लिहिते. माझ्या पदरी देवानं काही घातलं नाही. तुझ्या घरात एक तान्हं दिसलं की माझे डोळे मिटायला हरकत नाही. घाई नाही. पण फार उशीरही करू नकोस.

दर महिन्याला पत्र टाक.

तुझी मावशी,
शालन

---

चिखली,
१६ जून २०२५

प्रिय मावशी,

तुझी चार पत्रं आली आणि चारही पत्रांना माझं उत्तर नाही. ओव्हरटाइम होता असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. लिहायला बसायचे आणि उठायचे.

ज्ञानेश चांगला आहे, हे सगळ्यात आधी लिहिते. मार्चमध्ये मी तापानं पडले तेव्हा चार दिवस कंपनी बुडवून उशाशी बसला. पाणी भरतो, कांदा चिरतो, आवाज म्हणून चढवत नाही. आणि हल्ली तर घरी आला की माझ्या मागेमागेच असतो. लग्नाआधी असा नव्हता. तेव्हा मीच त्याच्या मागे होते. आता मी भाकरी थापत असले तरी येऊन खांद्यावर हनुवटी टेकवतो आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगत बसतो.

पण मावशी, मला वास सहन होत नाही. कामावरून आला की दारातूनच येतो तो वास. शर्ट खुंटीला लावू देत नाही मी, गॅलरीत टाकते. मळमळतं. परवा तर खरंच उलटी झाली. तो जवळ आला की मी श्वास धरते, आणि बाजूला झाला की सोडते. त्याच्या लक्षात आलं नाही अजून. चार महिने होत आले.

याच्यापुढचं लिहवत नाही. तूही बाईमाणूस आहेस, तुला कळलंच असेल काय ते. कुणाजवळ बोलू नकोस. काय करू ते लिही.

तुझी,
स्वरूपा

---

केज,
२४ जून २०२५

माझ्या बाळे,

कळलं गं, कळलं! न कळायला मी काय दगड आहे? पत्र वाचलं आणि आधी देवापुढे साखर ठेवली. चार महिने पोटात ठेवून बसलीस, आणि मी इकडे तू रुसलीस म्हणून झुरतेय.

वास सहन न होणं हे अगदी खरं लक्षण. तुझ्या आईला तू पोटात असताना फोडणीचा वास चालत नव्हता, तीन महिने अख्ख्या घरानं वरणभात खाल्ला. नवऱ्याच्या कपड्यांचा वास न चालणाऱ्याही बायका असतात. यात लाजायचं काही नाही. आलं चघळत जा, आणि जड बादल्या ज्ञानेशला उचलू दे.

कुणाजवळ बोलू नकोस म्हणालीस. सुरुवातीला सांगत नाहीत, रीत मलाही ठाऊक आहे. पण आजी परकी का? तुझ्या सासूचा, मंजुळाबाईंचा राग जायचा असेल तर तो यानंच जाईल. म्हणून मी त्यांना दोन ओळी लिहिल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास कुठला बसायला! म्हणून सोबत तुझं पत्रच घातलं. मुलीच्या हातचं वाचलं की खात्री पटते. रागावू नकोस. तुझ्या लग्नात अक्षता टाकल्या त्या दिवशीही मी इतकी हलकी झाले नव्हते.

सांभाळ.

तुझी मावशी

---

चिखली,
९ जुलै २०२५

प्रिय मावशी,

मला दिवस गेलेले नाहीत.

आधी हे लिहून टाकते, नाहीतर पुन्हा फिरवून लिहीन आणि पुन्हा तू भलतंच वाचशील. चूक तुझी नाही. मी लिहिलंच असं होतं.

तुझं पत्र मला मिळालं दोन तारखेला. तीन तारखेला गुरुवार, इकडे कंपन्यांना सुट्टी. ज्ञानेश मंडईत गेला होता. दार वाजलं म्हणून उघडलं तर समोर ज्ञानेशच्या आई, हातात पिशवी. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "मी हिकडं यायची न्हाई म्हणलं व्हतं. पर आता माझं काय चालतंय व्हय? सर, आत येऊ दे."

त्यांनी चोरओटी भरायचं सामान आणलं होतं. पहिल्या महिन्यांत गाजावाजा न करता भरतात ना, तशी. पाच फळं, खण, नारळ, आणि एक हिरवी साडी. मला पाटावर बसवलं. मी "आई, अहो ऐका" म्हणत होते आणि त्या "गप, बोलू नगंस" म्हणत होत्या. तेवढ्यात ज्ञानेश भाजीची पिशवी घेऊन दारात आला.

त्यानं आईला आमच्या घरात पहिल्यांदा पाहिलं. मग पाट पाहिला, साडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मावशी, त्याचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. वांगी हातातून खाली पडली आणि तो ती गोळा करत हसत होता, डोळे पुसत होता. आईंनी त्याच्या तोंडात गूळ घातला. आठ महिन्यांनी मायलेकरं बोलत होती. मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. ओटी भरू दिली. तो गूळ मीही खाल्ला.

आई गेल्यावर संध्याकाळी सांगितलं. त्यानं पाट उचलून भिंतीला लावला. मग म्हणाला, "होईल की. घाई कुणाला आहे?" आणि चहा टाकला. मला रडू आवरेना, तर मलाच समजावत बसला.

आता मला खरंच जे लिहायचं होतं ते लिहिते. मला त्याचाच वास सहन होत नाही. त्याचा स्पर्श नको होतो. झालं, लिहिलं. फेब्रुवारीत कधीतरी सुरू झालं. भांडण नाही, दुसरं कुणी मनात नाही, त्यानं माझं काही वाईट केलेलं नाही. माणूस तोच, शर्ट तोच, नाकही माझंच. मग ते गेलं कुठे? ज्या वासासाठी मी सहावा नग मोजायचे, तोच आता नकोसा होतो. घर सोडून, आईबाबांना तोडून ज्याच्याकडे आले, त्याच्याजवळ मला श्वास धरून उभं राहावं लागतं. मला स्वतःची भीती वाटते.

आणि ते पत्र आईंकडे आहे. ज्ञानेशनं वाचलं का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. तू ते द्यायला नको होतंस गं.

स्वरूपा

---

चाकण,
२० जुलै २०२५

आदरणीय शालनमावशींना ज्ञानेशचा नमस्कार.

मला पत्राची सवय नाही. मशीनचा रिपोर्ट लिहितो तेवढंच. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून लिहितोय, चुकलं तर माफ करा.

आई त्या गुरुवारी जाताना स्वरूपाचं पत्र माझ्या हातात देऊन गेली. "ठिव जपून, पोर मोटं झालं की दाव," म्हणाली. मी जिन्यातच वाचलं आणि हसलो. श्वास धरते म्हणे, मला कळलंसुद्धा नाही, असं वाटून मजा वाटली.

संध्याकाळी स्वरूपानं सांगितलं की तसं काही नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये पत्र परत वाचलं. पत्र तेच होतं. पण मूल नसेल तर ते सगळं माझ्याबद्दल होतं.

तुम्हाला दोष देत नाही. उलट बरं झालं, कळलं तरी. ती बोलली नसती. मला दुखावायचं नाही तिला. मी ते पत्र माझ्या लॉकरमध्ये ठेवलंय, घरी नेत नाही.

आता मी कंपनीतच अंघोळ करून निघतो. शर्टपँट इथेच ठेवतो, इथेच धुतो. पण कूलंट नखात राहतं, केसात राहतं, म्हणून साहेबांना सांगून मशीन सोडली. पुढच्या आठवड्यापासून पॅकिंगला जातोय, तिथे कूलंट नाही. साहेब म्हणाले, "भावा, नऊ वर्षं मशीनवर काढलीस, डोकं फिरलं का तुझं?" मी म्हटलं, कंबर दुखते.

मावशी, एक खरं सांगतो. आधी मला तिच्याइतकं नव्हतं. ती सहावा नग मोजायची तेव्हा मला वाटायचं, हिला मोजता येत नाही. लग्नाला हो म्हणालो ते मुलगी चांगली आहे, जीव लावते म्हणून. आता माझं असं झालंय की बस कुदळवाडीच्या वळणाला आली की मी उठून दाराशी उभा राहतो. आमचा स्टॉप त्यानंतर चौथा आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दोष सापडला की काढता येतो, माझं कामच ते आहे. महिनाभरात ठीक होईल असं वाटतं. तुम्ही फक्त तिला सांगू नका, मी पत्र वाचलंय म्हणून. तिला लाज वाटेल.

आईला मी सांगितलं की समजण्यात चूक झाली. साडी परत देऊ का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, लागंल फुडं."

तुमचा,
ज्ञानेश

---

केज,
३० जुलै २०२५

चि. स्वरूपास,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस होऊन गेले. हात उचलत नव्हता. तू जाळ म्हणालीस ते पत्र मी ठेवलं, आणि बोलू नकोस म्हणालीस ते देऊन टाकलं. यापुढे कुणाचंही पत्र माझ्या हातून दुसऱ्याकडे जाणार नाही, आणि कुणी सांगितलेलं माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. एवढं समजून घे आणि मला जास्त विचारू नकोस.

हे राहतं का, असं तू विचारलं होतंस आणि मी थट्टेवारी नेलं. आता सांगते.

माझं तुझ्या उलट झालं. तुझ्या काकांना मी लग्नात पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते आवडले नाहीत. सरळ लिहिते. त्यांचे जाड ओठ, त्यांचं जेवताना आवाज करणं, काहीच सोसवायचं नाही. वर्षभर ते जवळ आले की मी भिंतीकडे तोंड करायचे. शहाणा माणूस. एक दिवस त्यांनी विचारणं सोडलं. दुसऱ्या खोलीत अंथरूण घातलं, चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाही.

आणि मग गं, दुसऱ्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक. त्यांची सायकल गल्लीत शिरली की माझे कान तिकडे लागायचे. घामेजलेली पाठ दिसली की बघत राहायचे. मला ते हवेसे झाले. पण त्यांना विचारायची सवय उरली नव्हती आणि मला सांगायची कधी लागलीच नव्हती. आज सांगू, उद्या सांगू. अशी सव्वीस वर्षं गेली. गाव म्हणायचं, शालनची कूस उजवली नाही. कूस बिचारी काय करणार? ते गेले तेव्हा त्यांचे पाय मी पहिल्यांदा नीट हातात घेतले. थंड होते.

म्हणून सांगते, ज्ञानेशशी बोल. जे मला लिहिलंस तेच, तशाच शब्दांत. तो अंदाज बांधत बसेल आणि स्वतःला कापत राहील. पुरुष आपल्यासारखे बोलून मोकळे होत नाहीत. परत येईल की नाही मला माहीत नाही. माझ्यात आलं होतं, एवढं मी बघितलंय. तुझ्यात येईलच, असं खोटं सांगणार नाही.

तुझी मावशी

---

चिखली,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. काकांचे पाय हातात घेतलेस ते वाचून किती रडले म्हणून सांगू. इतकी वर्षं तुझ्या घरी राहायला यायचे, दोन खोल्यांत दोन अंथरुणं बघायचे आणि मला वाटायचं काका घोरत असतील.

बोलेन, बोलेन म्हणत राहिले. तुझीच भाची.

मध्यंतरी माझ्या लक्षात आलं होतं की गॅलरीत शर्ट नसतो. ज्ञानेश घरी येतो तो इस्त्रीच्या कपड्यांत, केस ओले, चंदनाच्या साबणाचा वास. मी विचारलं तर म्हणाला, कंपनीनं अंघोळीची सोय केली आहे. मला बरं वाटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. मग रविवारी वर्कशॉपमध्ये आमचा पिंटू भेटला, त्याचा भाऊ ज्ञानेशच्या कंपनीत आहे. म्हणाला, "वहिनी, दादानं मशीन का सोडली? कंबरेचं निमित्त सांगतो म्हणे, खोके बांधतोय आता. तिकडं सगळी हळहळतात." मी हातातला नग ठेवून खाली बसले. मशीन म्हणजे त्याचा जीव की प्राण, मावशी. हाताला नुसतं लागलं तरी केसाएवढा फरक सांगायचा तो.

तेव्हाच कळायला हवं होतं मला. पण मी म्हटलं, कंबर दुखत असेल. माणसाला जे सोयीचं तेच कळतं.

गुरुवारी सुट्टी होती. मी खुंटी रिकामी म्हणून तिथे कॅलेंडर अडकवत होते. तो मागून आला, पण नेहमीसारखी खांद्यावर हनुवटी टेकवली नाही. दोन हात अंतरावर थांबला. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा तोंडावर भाव, आणि दोन्ही हात पुढे केलेले. नखं अगदी स्वच्छ, घासून घासून कडा लाल झालेल्या.

"आता येतो का वास?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या हातांकडे बघितलं. मला सगळं एकदम कळलं, पत्र, अंघोळ, मशीन, खोके. मी म्हणाले, "नाही."

खोटं नव्हतं ते. खरंच येत नव्हता. साबणाचा येत होता, आणि त्याखाली काहीच नाही. केवढा आनंद झाला त्याला! हसला, आणि पुढे येऊन माझ्या गालाला हात लावला.

वास कधीच नव्हता गं तो. मला वाटत होतं तो वास आहे, त्यालाही तेच वाटलं, आणि त्या बिचाऱ्यानं तो नखातून, केसातून, आयुष्यातून खरवडून काढला. आता तोही नाही, आणि मला अजूनही तसंच होतं. मला मनापासून वाटत होतं, आत्ता काहीतरी व्हावं. त्या हातांसाठी तरी व्हावं. मी डोळे मिटून वाट बघितली.

त्यानं हात मागे घेतला. मी डोळे उघडले तर तो माझ्याकडेच बघत होता. राग नव्हता. हळूच म्हणाला,

"श्वास सोड, स्वरूपा."

मी तोपर्यंत धरून ठेवला होता. मला माहीतही नव्हतं.

मग मी बोलले, मावशी. तू सांगितलंस तसं, तशाच शब्दांत, सगळं. तो पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता. संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "सहावा नग मोजायचीस, तेव्हा खरं होतं ना?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग बास."

काल तो रहाटणीला आईकडे गेला, थोडे दिवस म्हणून. साहेबांना परत मशीन मागतो म्हणाला. मीच आग्रह केला. मी तुझ्याकडे येतेय, शनिवारच्या एसटीनं. किती दिवस ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

निघायची तयारी म्हणून आज कपाट आवरलं. हिरवी साडी घडी न मोडता तशीच आहे. ती सोबत आणत नाहीये, आणि परतही करत नाहीये. तिथेच ठेवली.

तुझी,
स्वरूपा